तेवीस नोंदण्यांची फी

“तडजोडीला कोणाची हरकत?” हिरेमठ साहेबांनी विचारलं.

हे विचारायचं म्हणून विचारतात. उत्तराची कोणी वाट बघत नाही. साहेबांनी पेनचं टोपण काढून ठेवलं होतं, पलीकडचे शहा वकील घड्याळ बघत होते आणि मी फाईलची नाडी बांधायला घेतली होती.

“माझी आहे,” मागच्या बाकावरून आवाज आला.

वळून पाहिलं तर शैलजा बाबर उभ्या. माझ्याच अशील. पोस्टातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या होत्या. काउंटरवर कोणी चुकीचा फॉर्म भरून आणला की त्या जशा बघत, तशाच माझ्याकडे बघत होत्या. मी हातानंच ‘बसा, बसा’ केलं. त्या बसल्या नाहीत.

हा प्रसंग सत्त्याण्णव सालच्या फेब्रुवारीतला. जिल्ह्याचा ग्राहक मंच तेव्हा एका सहकारी बँकेच्या वरच्या मजल्यावर भरायचा आणि हिरेमठ साहेब त्याचे अध्यक्ष होते. मी एकतीस वर्षांचा होतो, वकिलीला सहा वर्षं झाली होती, आणि माझं ऑफिस म्हणजे कोर्टाच्या आवारात झाडाखाली मांडलेलं एक टेबल, दोन खुर्च्या आणि टेबलाच्या पायाला साखळीनं बांधलेली पत्र्याची पेटी. पावसाळ्यात हे ऑफिस उचलून कॅन्टीनच्या पडवीत न्यावं लागे. कोर्टाच्या अगदी समोर, पहिल्या मजल्यावर जोगळेकर वकिलांची खोली होती. बाल्कनी, पंखा, भिंतभर कपाटं. जोगळेकर वकिली सोडून मुलाकडे पुण्याला निघाले होते आणि खोलीचे चाळीस हजार मागत होते. मी पाच हजार बयाणा देऊन बसलो होतो. उरलेले पस्तीस गुढीपाडव्याच्या आत द्यायचे. नाही दिले तर खोलीही गेली आणि बयाणाही गेला. शिवाय झाडाखाली बसणाऱ्या वकिलाला मुलगी कोण देणार, असं माझी आई दर रविवारी न चुकता म्हणायची.

पस्तीस हजार मिळवून देईल अशी एकच केस माझ्याकडे होती, आणि ती गंमत म्हणजे लग्नाचीच होती.

गावात ‘अक्षतायोग वधू-वर सूचक मंडळ’ होतं. मालक अरविंद रेठरेकर. पंधराशे रुपये भरून नाव नोंदवलं की दोन वर्षं दर महिन्याला दहा स्थळांची यादी घरपोच आणि वर्षातून एकदा मेळाव्याचा पास. यादी यायची, अगदी वेळेवर यायची. फक्त यादीतल्या निम्म्या मुलांची लग्नं होऊन गेलेली असायची. निकमकाका म्हणून एस.टी.तून निवृत्त झालेले कंट्रोलर होते, दोन मुली लग्नाच्या. ते एका स्थळाकडे पत्रिका घेऊन गेले तर तिथं बारसं चाललेलं. आग्रहानं जेवून आले. दुसऱ्या एका घरी गेले तर मुलगा वर्षापूर्वी वारलेला. त्याच्या आईनं काकांना चहा दिला आणि यादीसोबत आलेला मुलाचा फोटो मागून घेतला. तिथून परत आल्यावर काकांचं डोकं फिरलं. त्यांनी गावोगाव फिरून फसलेली माणसं गोळा केली. अठ्ठावन्न जण झाले. अठ्ठावन्न जणांची मिळून एकच तक्रार, आणि सगळ्यांच्या वतीनं एकच वकील, तो मी. वीस-वीस रुपये कागदपत्रांच्या खर्चाला घेतले आणि फीचं मागाहून बघू म्हणालो.

अठ्ठावन्नांपैकी सत्तावन्न जण कोणाचे तरी बाप, भाऊ किंवा मामा होते. स्वतःच्या नावानं, स्वतःच्या सहीनं आलेल्या एकट्या शैलजा बाबर. वय चौतीस, वडील नाहीत, म्हणून स्थळांना पत्रं त्या स्वतःच लिहीत. दोन वर्षांत एक्केचाळीस पत्रं लिहिली. त्यातली एकोणीस परत आली. कुठल्यावर पोस्टमनचा शेरा, तर कुठल्यावर एखाद्या बाईच्या अक्षरात ‘यांचे लग्न झाले आहे, कृपया पत्र पाठवू नये’. ही सगळी पाकिटं तारखेनुसार लावून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

“इतकी जपून कशी ठेवलीत?” मी विचारलं होतं.

“पोस्टात आहे ना. परत आलेलं फेकून देत नाही आम्ही,” त्या म्हणाल्या होत्या.

आमची केस उभी होती ती त्या पाकिटांवर. रेठरेकरलाही ते कळलं असावं, कारण पाकिटं दाखल झाली त्याच आठवड्यात तो माझ्या टेबलाशी आला. गोड बोलणारा माणूस. आधी आईची तब्येत विचारली, मग म्हणाला, “वकीलसाहेब, रोख रक्कम कुठून आणू? प्रत्येकाला आणखी दोन वर्षं मोफत नोंदणी देतो. मेळाव्याचा पासही देतो. आणि तुमच्या फीचं म्हणाल तर तो वेगळा विषय. ती चेकनं.”

“किती?” मी विचारलं.

“तुम्ही म्हणाल तेवढी.”

“पस्तीस हजार,” मी म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की तो गालात हसला. पन्नासपर्यंत जायची त्याची तयारी होती, हे मला पुढं कळलं.

पुढच्या रविवारी निकमकाकांच्या घरी बैठक झाली. मला वाटलं होतं, लोक चिडतील. ज्यानं फसवलं त्याच्याकडेच परत नाव नोंदवायचं म्हणजे काय! एकानं तसं विचारलंही. निकमकाकांनीच त्याला गप्प केलं.

“मग जायचं कुठं? दुसरं मंडळ आहे का जिल्ह्यात? आपली मुदत संपलीच होती, नाहीतरी परत पंधराशे भरणारच होतो. तेवढे वाचले,” काका म्हणाले. “आणि वकीलसाहेब, तुमची फी?”

“ती रेठरेकर देतोय. तुमच्याकडून एक पैसाही नको.”

लोक गहिवरले. माझ्या बशीत दुसऱ्यांदा शिरा पडला आणि सह्या सुरू झाल्या. शैलजा बाबर दिसत नव्हत्या. मी विचारलं तेव्हा काका म्हणाले, “बाईमाणसाला कशाला त्रास? तिच्या मामांना बोलावलंय की.” मामांनी चष्मा काढून, पुसून, भाचीच्या नावापुढं आपली सही ठोकली. तक्रार ज्या बाईची, तिला न विचारता तिच्या मामाची सही चालत नाही, हे वकिलीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. पण पाडवा दोन महिन्यांवर आला होता.

तर त्या दिवशी मंचासमोर शैलजा बाबर उभ्या होत्या.

“बाई, तडजोडीवर तुमची सही आहे की,” हिरेमठ साहेब म्हणाले.

“ती माझ्या मामांची आहे, साहेब. तक्रार माझी आहे.”

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी फाईलकडे बघितलं.

“बरं. हरकत काय आहे तुमची?”

“साहेब, ह्या यादीपायी माझी दोन वर्षं गेली म्हणून मी तक्रार केली. आता भरपाई म्हणून त्याच यादीची आणखी दोन वर्षं देतायत. मी चौतीसची आहे.”

साहेबांच्या शेजारी बसलेल्या सदस्य बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. मला तेव्हा वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर मला भीती वाटली. तडजोड मोडली तर पाडव्याला जोगळेकरांना काय सांगायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

“बाकी सत्तावन्न जणांना मान्य आहे, बाई,” साहेब जरा मऊ आवाजात म्हणाले. “तुमची हरकत नोंदवून घेतो. पण एकीसाठी सगळ्यांचं अडवता येणार नाही.”

“नका अडवू. एकच विचारते. आम्हाला नोंदण्या आणि वकीलसाहेबांना पस्तीस हजार रोख, असं का?”

मी ताडकन उठलो. हा मुद्दा येणार हे धरून मी तडजोडीच्या अर्जात एक अख्खा परिच्छेद लिहिला होता आणि त्याचा मला अभिमान होता. “साहेब, परिच्छेद चार बघावा. प्रत्येक नोंदणीचं मूल्य पंधराशे रुपये. अठ्ठावन्न जणांचे सत्त्याऐंशी हजार होतात. म्हणजे माझ्या अशिलांना रोखीइतकाच लाभ मिळतोय.”

“रोखीइतकाच?”

“रोखीइतकाच, साहेब. तसूभर कमी नाही.”

शहा वकिलांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. ते विरुद्ध बाजूचे, त्यांना काय पडलंय, असं मला वाटलं.

“मग वकीलसाहेबांनाही तेच द्या,” शैलजा बाबर म्हणाल्या. “रोखीइतकंच आहे म्हणतात, तर त्यांचं काही नुकसान नाही.”

मागच्या बाकांवर हशा पिकला. निकमकाकासुद्धा हसले. हिरेमठ साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी कागदाच्या कडेला भागाकार मांडला, तो दोनदा तपासला आणि हुकूम सांगायला सुरुवात केली. तडजोड मंजूर. बाबर यांची हरकत नोंदवली. वकिलांची फी पस्तीस हजार, तीही मंजूर. ती त्यांच्याच परिच्छेद चारला अनुसरून पंधराशे रुपये दराच्या तेवीस नोंदण्यांच्या रूपानं द्यावी. उरलेले पाचशे रुपये रोख द्यावेत.

जिन्यात रेठरेकरनं मला गाठलं. पस्तीस हजार वाचले म्हणून त्याचा चेहरा फुलला होता. त्यानं पाचशेची नोट तिथंच माझ्या हातात ठेवली, तीही खिशातल्या आहेराच्या पाकिटात घालून. पाकिटावर वरचा एक रुपया चिकटवलेला.

“आता फॉर्म भरून टाकू. जन्मतारीख? गोत्र? मुलीबद्दल अपेक्षा?”

“त्या नोंदण्या मी दुसऱ्यांना देईन,” मी म्हणालो.

“नाही देता येत. नोंदणी दुसऱ्याच्या नावे करता येणार नाही, अट क्रमांक सहा. तुम्हीच घातलीत.”

मीच घातली होती. अशिलांनी आपल्या मोफत नोंदण्या बाहेर विकू नयेत, हा रेठरेकरचा हट्ट होता आणि मी तो फारसा विचार न करता लिहून दिला होता.

“आणि एका माणसाची एका वेळी एकच नोंदणी चालते,” तो पुढं म्हणाला. “तेव्हा ह्या एकापुढं एक लागतील. तेवीस दुणे शेहेचाळीस. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षापर्यंत यादी घरपोच येईल, वकीलसाहेब. घाई करू नका, निवांत बघा.”

त्या रात्री मी जेवलो नाही असं आई पुढं सगळ्यांना सांगायची. मी जेवलो होतो, पण काय जेवलो ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी अपील लिहायला बसलो. मुंबईला राज्य आयोगाकडे जायचं आणि फी रोख मिळावी एवढंच मागायचं, असं ठरवलं. पण फी रोख का, तर नोंदणी म्हणजे पैसे नव्हेत म्हणून. मग तेच सिद्ध करायला हवं होतं. मी पेटून लिहीत गेलो. ‘सदर मंडळाच्या नोंदणीस कवडीचीही किंमत नाही. यादीतील निम्मी स्थळे विवाहित असून एक मयत आहे. अशा नोंदणीस मोबदला म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.’ मूळ तक्रारसुद्धा मी इतक्या जोमानं लिहिली नव्हती. टायपिस्ट पानं देऊन गेला तेव्हा ‘आज काय फॉर्मात आहात साहेब’ असं म्हणून गेला.

दुपारच्या सुट्टीत शैलजा बाबर हुकमाची नक्कल न्यायला आल्या. मी पेटीत नक्कल शोधत होतो तेवढ्यात त्यांनी टेबलावरची पानं वाचली. मी वर बघितलं तेव्हा त्या शेवटच्या पानावर होत्या.

“फार चांगलं लिहिलंय,” त्या म्हणाल्या.

“आभारी आहे.”

“हे सगळं तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“म्हणजे काय, आपली केसच ती होती.”

“मग आमच्या वेळी का नाही लिहिलंत?”

दुसरं काही सुचेना म्हणून खरं तेच सांगितलं. “तेव्हा माझी फी रोख होती.”

त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त मान डोलावली, पानं नीट जुळवली आणि खुर्ची ओढून बसल्या.

“अपिलात माझंही नाव घाला.”

“तुमचं कशाला? हे फक्त फीपुरतं आहे.”

“म्हणूनच. तुम्ही एकटे गेलात तर तुमच्या फीचं बघतील. मी बरोबर असले तर सगळ्यांच्या नोंदण्यांचं बघावं लागेल.”

“आणि नाही घातलं तर?”

“तर मी वेगळं अपील करीन. त्याला पुरावा म्हणून तुमच्या ह्या अपिलाची नक्कल जोडीन.”

मी त्यांचं नाव घातलं. कथा वाचून सरावलेल्या माणसाला इथं वाटेल, की आता हा बिनलग्नाचा वकील आणि ही बाई. तसलं काही झालं नाही. त्या मला पुरत्या ओळखून होत्या, आणि मला त्यांच्यासमोर नीट बसताही येत नव्हतं. मला लाज वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होती असं नाही, पण तोपर्यंत अशिलासमोर कधी वाटली नव्हती.

पाडवा आला. मी जोगळेकरांच्या हातापाया पडलो, दिवाळीपर्यंत थांबा म्हणालो. ते बिचारे पंधरा दिवस थांबले आणि मग त्यांनी खोली शहा वकिलांच्या भाच्याला दिली. माझे पाच हजार बुडाले. पावसाळ्यात मी नेहमीप्रमाणे टेबल उचलून पडवीत नेलं. पडवीतून जोगळेकरांची बाल्कनी अगदी समोर दिसायची. भाचा तिथं उभा राहून चहा प्यायचा.

अपील नोव्हेंबरात लागलं. मुंबईला आयोगासमोर मी उभा राहिलो, मागच्या खुर्चीत शैलजा बाबर, पलीकडे शहा वकील. आयोगाचे अध्यक्ष वयस्कर होते आणि इतकं हळू बोलत की पुढं वाकून ऐकावं लागे. त्यांनी एका हातात माझा तडजोडीचा अर्ज धरला आणि दुसऱ्या हातात माझं अपील.

“हे दोन्ही तुम्हीच लिहिलंत?”

“हो, साहेब.”

“ह्यात म्हणता, नोंदणी रोखीइतकीच, तसूभर कमी नाही. ह्यात म्हणता, कवडीमोल. दोन्हींवर सही तुमची. यातलं खरं कुठलं?”

शहा वकील माझ्याकडे दयेनं बघत होते, हे त्यांनी पूर्वी कधी केलं नव्हतं. पहिलं खरं म्हणावं, तर तेवीस नोंदण्या माझ्या गळ्यात पडणार आणि अठ्ठावन्न जणांना रेठरेकरच्या यादीत दोन वर्षं आणखी काढावी लागणार. दुसरं खरं म्हणावं, तर मी अशिलांना जाणूनबुजून कवडीमोल वस्तू घेऊन दिली, हे भर न्यायासनासमोर कबूल करणं आलं. मागं वळून बघायचा धीर मला झाला नाही.

“दुसरं, साहेब,” मी म्हणालो.

“मोठ्यानं सांगा.”

“दुसरं खरं आहे. नोंदणीला काही किंमत नाही. तेव्हाही नव्हती.”

हे वाचून कोणाला वाटेल, माझ्यातला माणूस जागा झाला. तसं मला पुढं कित्येकांनी सांगितलं आणि मी ते सांगू दिलं. पण त्या घटकेला माझ्या मनात काय होतं ते मला पक्कं आठवतं. नोंदणी कवडीमोल ठरली तर पस्तीस हजार रोख मिळतील, आणि बाजारपेठेत दुसरी एक खोली रिकामी आहे, हे होतं.

निकाल तीन आठवड्यांनी आला. तडजोड रद्द. प्रत्येक तक्रारदाराला पंधराशे रुपये परत आणि त्रासापोटी दोन हजार, सगळं रोख, एका महिन्यात. वकिलांबाबत मात्र आयोगानं चारच ओळी लिहिल्या होत्या. आपण अशिलांना निरर्थक तडजोड स्वीकारायला लावली हे वकिलांनी स्वतःच कबूल केलं आहे, सबब त्यांना कोणतीही फी देय नाही. मिळालेले पाचशे रुपये त्यांनी ग्राहक कल्याणाच्या खात्यात जमा करावेत. मी ते भरले. पाकिटावरचा एक रुपया हुकमात नव्हता, तो माझ्याकडे राहिला. सबंध केसची माझी कमाई तेवढीच.

लोकांना पैसे मिळाले. त्यातल्या अकरा जणांनी महिन्याभरात पंधराशे भरून परत रेठरेकरकडेच नाव नोंदवलं. त्यांचंही चुकलं म्हणवत नाही. मुली घरात होत्या आणि दुसरं मंडळ जिल्ह्यात अजून निघालं नव्हतं. हुकूम इंग्रजीत, बारा पानी. तो शेवटपर्यंत वाचायच्या भानगडीत कोणी पडलं नाही, आणि मंचातला तेवीस नोंदण्यांचा हशाही तोवर सगळे विसरले होते. लोकांना एवढंच माहीत होतं, की सत्तावन्न जणांनी सह्या केलेल्या असताना वकील अपिलात गेला, सगळ्यांचे पैसे घेऊन आला आणि त्याला स्वतःला काहीच मिळालं नाही. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. त्यावरून त्यांनी जो अर्थ काढायचा तो काढला आणि माझा सत्कार ठरवला.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी एस.टी. कर्मचाऱ्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. आई पुढच्या रांगेत, नवी साडी नेसून. निकमकाका माईक धरून उभे राहिले.

“आजच्या काळात,” काकांचा आवाज कापत होता, “असा वकील दाखवा मला. पस्तीस हजारांची फी मंजूर झालेली. अहो, हुकूम झालेला! ती फी ह्या माणसानं लाथाडली. माझ्या अशिलांना न्याय मिळाल्याशिवाय मला फी नको, म्हणाला.”

मी असं कधीच म्हणालो नव्हतो. टाळ्या थांबेनात. आईनं पदरानं डोळे टिपले. तिच्याकडे बघून मला गलबलून आलं आणि त्याच क्षणी पळून जावंसंही वाटलं.

“आता शाल-श्रीफळ शैलजाताईंच्या हस्ते,” काकांनी पुकारलं. “पुराव्याची पाकिटं त्यांची.”

शैलजा बाबर व्यासपीठावर आल्या. शाल माझ्या खांद्यावर घालताना त्या जवळ वाकल्या.

“भाषणात खरं सांगणार का?” त्यांनी हळूच विचारलं.

“तुम्ही सांगणार का?”

“मी कशाला? मला माझे पैसे मिळाले.” त्यांनी नारळ माझ्या हातात दिला. “तुमचं तुम्ही बघा.”

मी माईकसमोर गेलो. समोर अठ्ठावन्न घरची माणसं होती, आई होती. सांगायला हवं होतं. चार वाक्यांत सांगून झालं असतं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, “मी काही फार मोठं केलं नाही. वकिलाचं जे कर्तव्य, तेवढंच केलं.” टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. शैलजा बाबरही टाळ्या वाजवत होत्या, बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच वेळ.

खाली उतरलो तर दाराशी एक गृहस्थ हातात जाडजूड फाईल घेऊन उभे होते, मागं आणखी पाच-सहा जण. निकमकाकांनी ओळख करून दिली. शेजारच्या तालुक्यातले प्राथमिक शिक्षक, एका सोसायटीनं प्लॉटचे पैसे घेतले होते आणि प्लॉटचा पत्ता नव्हता.

“एकशे बारा जण आहोत आम्ही,” गृहस्थ म्हणाले. “दोन वकील झाले. दोघांनी आगाऊ फी घेतली आणि तारखा घेतल्या. काकांनी तुमचं नाव सांगितलं.” मग जरा अवघडून त्यांनी विचारलं, “साहेब, तुम्ही अशा केसला फी घेत नाही, असं ऐकलं. खरंय का?”

सगळे माझ्याकडे बघत होते. काका अभिमानानं, आई त्याहून अभिमानानं. मी तोंड उघडलं.

“नाही घेत,” शेजारून शैलजा बाबर म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या.

“नाही घेत,” मी म्हणालो, आणि शाल काढून त्या गृहस्थांच्या हातातली फाईल घेतली.